एकच योजना, दोन हात: केनियातल्या कंत्राटी शिक्षकांचं प्रकरण

२०१० साली केनियातल्या १९२ सरकारी प्राथमिक शाळा एका प्रयोगासाठी निवडल्या गेल्या. देशाच्या आठही प्रांतांतल्या, चौदा जिल्ह्यांतल्या. त्यांपैकी ६४ शाळांना एकेक जादा कंत्राटी शिक्षक मिळाला. त्याची नेमणूक, पगार आणि देखरेख वर्ल्ड व्हिजन केनिया या स्वयंसेवी संस्थेकडे होती. दुसऱ्या ६४ शाळांनाही तसाच एकेक शिक्षक मिळाला, पण तिथला कारभार देशाच्या शिक्षण मंत्रालयाकडे. उरलेल्या ६४ शाळा तुलनेसाठी होत्या तशा ठेवल्या. कोणती शाळा कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या उचलाव्यात तसं ठरलं, म्हणजे चांगल्या शाळा एका बाजूला आणि रडतखडत चालणाऱ्या दुसऱ्या बाजूला असं होण्याला वाव नव्हता. शिक्षकाची पात्रता सारखी, करार सारखा, पगाराचे आकडेही सारखेच: महिना ५,००० ते ९,००० शिलिंग.

जवळपास दीड वर्षाने मुलांची परीक्षा घेतली. संस्थेने सांभाळलेल्या शाळांतली मुलं तुलनेच्या शाळांपेक्षा ०.१८ प्रमाण विचलनाने पुढे होती. हा आकडा असा समजून घेता येईल: शंभर मुलांना गुणांप्रमाणे ओळीत उभं केलं, तर बरोबर मध्ये असलेलं मूल सातेक मुलांना मागे टाकून पुढे सरकलं. प्राथमिक शिक्षणात एवढी हालचाल चांगली समजतात. मंत्रालयाने सांभाळलेल्या शाळांत मात्र फरक शून्य. शिक्षक नेमले, पैसे खर्च झाले, आणि मुलं होती तिथेच राहिली.

टेसा बोल्ड, म्वांगी किमेन्यी, जर्मानो म्वाबु, ॲलिस न्गांगा आणि जस्टिन सँडफर या पाच अभ्यासकांनी हे काम केलं. त्यांचा निबंध वाचल्यापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही. गरीब देशांतल्या शाळांना बाहेरून जी मदत जाते, तिची एक ठरलेली वाट असते. एखादी संस्था चार-दोन तालुक्यांत काही करून बघते, यश मिळतं, मोजमाप होतं, मग देणगीदार सरकारला म्हणतात, ‘हे आता देशभर करा.’ या वाटेवर मधे एक पूल आहे असं सगळे धरून चालतात. केनियात तो पूल कोसळला, आणि कोसळताना कुणीतरी हातात मोजपट्टी घेऊन तिथे उभं होतं. असं क्वचित घडतं. बहुतेक योजना देशभर गेल्यावर विरघळतात, आणि त्या कधी विरघळल्या याची कुठे नोंदही राहत नाही.

फी गेली, मुलं आली

डिसेंबर २००२ मध्ये म्वाई किबाकी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि जानेवारी २००३ पासून केनियात प्राथमिक शिक्षण मोफत झालं. त्याआधी पालकांना शाळेला नाना तऱ्हेची वर्गणी द्यावी लागायची. ती बंद झाल्याबरोबर पट सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला, एका वर्षात. किमानी मारुगे हे ८४ वर्षांचे आजोबा जानेवारी २००४ मध्ये एल्डोरेटच्या शाळेत पहिलीत जाऊन बसले आणि जगभर त्यांची बातमी झाली. शिकण्याची भूक किती साचलेली होती, ते त्या एका प्रवेशातून दिसतं.

सरकार प्रत्येक मुलामागे वर्षाला १,०२० शिलिंग शाळेच्या खात्यात टाकू लागलं: ६५० पुस्तकं-साहित्याला, ३७० बाकीच्या खर्चाला. जागतिक बँकेने ५ कोटी डॉलरचं अनुदान दिलं, ब्रिटनने मोठी रक्कम घातली, पुढे आणखी देश आले. पण शिक्षक वाढले नाहीत. १९९८ पासून केनियात नव्या शिक्षकांची भरती गोठवलेली होती. निवृत्त झालेल्या किंवा मरण पावलेल्या शिक्षकाच्या जागीच नवा शिक्षक मिळे. मुलं लाखांनी वाढली आणि फळ्यापुढचा माणूस तोच राहिला. पहिलीच्या वर्गात ऐंशी, नव्वद, कुठे शंभर. दुसरीकडे शिक्षक महाविद्यालयांतून पदविका घेऊन बाहेर पडलेली हजारो तरुण मुलं-मुली वर्षानुवर्षं नेमणुकीची वाट पाहत घरी बसलेली.

कंत्राटी शिक्षकाची कल्पना या दोन गोष्टींच्या मधल्या फटीतून उगवली. आपल्याला ती नवी नाही. महाराष्ट्राने २००० साली शिक्षणसेवक योजना आणली तेव्हा प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला महिना ३,००० रुपये मानधन होतं. डी.एड. करून तीन वर्षं त्या पैशांत काढलेले लोक आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असतील. ते मानधन पुढे ६,००० झालं आणि १६,००० व्हायला २०२३ उजाडलं. पण आपल्या योजनेत एक आश्वासन पहिल्यापासून होतं: तीन वर्षं भरली की नियमित नेमणूक. केनियात ते नव्हतं. या फरकाकडे पुढे यावं लागेल.

बुसियात काय काय करून पाहिलं

युगांडाच्या सीमेला लागून बुसिया नावाचा भाग आहे. आफ्रिकेतल्या शिक्षणाबद्दल जगाला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंच या एका कोपऱ्यातून आलं. मायकेल क्रेमर हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ तरुणपणी पश्चिम केनियात एक वर्ष शिक्षक होते. नव्वदच्या दशकात ते परत गेले तेव्हा आयसीएस नावाची डच संस्था तिथल्या शाळांना मदत देत होती. मदत एकदम सगळ्या शाळांना देता येणार नव्हती, टप्प्याटप्प्यानेच जाणार होती. मग कोणाला आधी द्यायची हे चिठ्ठीने ठरवा आणि फरक मोजा, असं ठरलं. क्रेमर यांना अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत २०१९ चं नोबेल मिळालं, त्याची सुरुवात इथली.

पहिली मदत पाठ्यपुस्तकांची. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. वर्गात पाच-दहा मुलांत एक फाटकं पुस्तक असेल तर आधी पुस्तकं द्यायची, हे कुणीही सांगेल. १९९६ मध्ये शंभर शाळांपैकी पंचवीस शाळांना पुस्तकं दिली. सरासरी गुण हलले नाहीत. बारकाईने पाहिल्यावर दिसलं की जी मुलं आधीपासून पुढे होती तीच आणखी पुढे गेली, बाकीच्यांना पुस्तकाचा उपयोग झाला नाही. कारण उघड होतं. पुस्तकं इंग्रजीत. मुलाची घरची भाषा लुह्या किंवा तेसो, बाजारात किस्वाहिली, आणि इंग्रजी तिसरी. पुस्तक अभ्यासक्रमाबरहुकूम होतं, पण अभ्यासक्रम नैरोबीतल्या शिकलेल्या घरातल्या मुलाला समोर ठेवून आखलेला. बुसियातल्या चौथीच्या मुलाला ते उघडून वाचताच येत नव्हतं.

मग तक्ते दिले. १७८ शाळांपैकी निम्म्यांना विज्ञान, गणित, भूगोलाचे छापील तक्ते मिळाले. काही फरक नाही. १९९८ पासून ७५ शाळांत जंतनाशक गोळ्या वाटल्या, तेव्हा गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने उतरली. अगदी स्वस्तात मिळालेलं हे यश. आज जगभर शाळांतून जंतनाशक दिन पाळतात, त्यामागे या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे. मुलं शाळेत जास्त दिवस आली, परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. मुलाला वर्गापर्यंत आणणं आणि वर्गात त्याला काही येऊ लागणं यांत केवढं अंतर आहे, हे गोळीने स्वच्छ दाखवलं.

जादा शिक्षकाची कसोटी

२००५ मध्ये डुफ्लो, पास्कलिन ड्युपा आणि क्रेमर यांनी पश्चिम केनियातल्या २१० शाळा घेतल्या. १४० शाळांतल्या पालक-शिक्षक समितीला पैसे दिले: पहिलीची दुसरी तुकडी काढा, तिच्यासाठी स्थानिक पातळीवर तुम्हीच शिक्षक नेमा. करार एका वर्षाचा. काम नीट नसेल तर समितीने तो पुढे चालवायचा नाही. पगार कायम शिक्षकाच्या साधारण चौथा हिस्सा. पात्रता मात्र तीच, कारण पदविकाधारक बेकार भरपूर होते.

पहिलीच्या वर्गातली संख्या ऐंशीहून चाळीस-पंचेचाळीसवर आली. आता दोन्ही तुकड्यांतल्या मुलांचं भलं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. कंत्राटी शिक्षकाकडे गेलेली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. कायम शिक्षकाकडे राहिलेल्या मुलांना वर्ग निम्मा होऊनही फारसा फायदा मिळाला नाही. अचानक भेटींत कारण सापडलं: कंत्राटी शिक्षक वर्गात शिकवताना जास्त वेळा सापडे, आणि जादा माणूस आल्यावर कायम शिक्षकाची वर्गातली हजेरी उलट घटली होती. कामाला माणूस मिळाला म्हटल्यावर जुन्या माणसाने थोडं अंग काढून घेतलं. हे फक्त केनियाचं वैगुण्य म्हणून मी वाचत नाही. मुंबई आणि वडोदरा इथे ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखींच्या अभ्यासातही असंच आढळलं होतं: मागे पडलेली मुलं दिवसाचे दोन तास वस्तीतल्याच एखाद्या मुलीकडे, बालसखीकडे बसून शिकली आणि पुढे सरकली, वर्गात बाईंजवळ राहिलेल्यांना गर्दी कमी झाल्याचा लाभ मिळाला नाही.

याच शाळांत आणखी दोन गोष्टी दिसल्या. निम्म्या शाळांत समितीला शिकवलं होतं की शिक्षक कसा निवडायचा, मस्टर कसं बघायचं, महिन्यातून एकदा वर्गात कसं डोकवायचं. जिथे हे शिकवलं नव्हतं, तिथे नेमलेल्या कंत्राटी शिक्षकांपैकी जवळपास तिसरा हिस्सा शाळेतल्याच शिक्षकांचे नातेवाईक निघाले. समिती जागी असेल तिथे हे प्रमाण घटलं आणि कायम शिक्षकाची हजेरीही कमी घसरली. दुसरी गोष्ट: काही शाळांत मुलांच्या दोन तुकड्या त्यांना काय येतं ते पाहून केल्या, वयावर किंवा चिठ्ठीवर नाही. तिथे पुढची आणि मागची, दोन्ही तुकड्यांतली मुलं जास्त शिकली. शिक्षकाला समोरच्या मुलांच्या पातळीवर उतरता आलं की पाठ्यपुस्तकाची ती जुनी अडचणही थोडी सुटते.

एवढं हाती आल्यावर केनिया सरकारने कंत्राटी शिक्षक देशभर नेमायचं ठरवलं यात नवल नव्हतं. १८,००० जागा काढल्या. आणि सुरुवातीला सांगितलेल्या १९२ शाळांचा प्रयोग याच भरतीच्या पोटात बसवला गेला.

रस्त्यात काय सांडलं

योजनेचा कागद बुसियाहून नैरोबीला पोचला, त्याच्यासोबतची माणसं पोचली नाहीत.

संस्थेच्या शाळांत रिकामी जागा लवकर भरली जाई, कुणीतरी भेट द्यायला येई, पगार बऱ्यापैकी वेळेवर होई. मंत्रालयाच्या शाळांत जागा जास्त काळ रिकाम्या राहिल्या, भेटी कमी झाल्या आणि पगार रखडले. एका शाळेतला एक शिक्षक; त्याचं नाव जिल्ह्याच्या यादीत, यादी राजधानीत, तिथून बँकेत. कुठल्याही टेबलावर महिनाभर कागद थांबला तर दूरच्या गावातल्या त्या पोराला भाडं द्यायला पैसे नाहीत. वार्षिक करार मोडण्याची भीती ही या योजनेची खरी चावी होती असं म्हणतात. पण महिनोन्महिने पगार न देणाऱ्याने करार मोडण्याची भीती घालावी कशी? देणं थकलेला मालक दरडावू शकत नाही.

दुसरी गोष्ट शिक्षक संघटनेची. केनिया नॅशनल युनियन ऑफ टीचर्स ही १९५७ पासूनची, देशातली मोठी ताकद. कंत्राटी भरतीला तिने पहिल्यापासून विरोध केला आणि सप्टेंबर २०११ मध्ये देशव्यापी संप झाला. शेवटी सरकारने या १८,००० शिक्षकांना कायम सेवेत घ्यायचं मान्य केलं. अभ्यासकांना असं दिसलं की मंत्रालयाने नेमलेले शिक्षक संघटनेला आपली मानत होते, आपणही लवकरच कायम होणार या आशेवर होते. संस्थेने नेमलेल्यांना तशी आशा नव्हती. म्हणजे कागदावर करार एकच असला तरी हातात घेणाऱ्याने तो दोन प्रकारे वाचला. सरकारी शिक्का असलेला करार म्हणजे नोकरीचं पहिलं पाऊल, संस्थेचा करार म्हणजे एक काम.

संघटनेला खलनायक ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. तेच शिक्षण, तोच वर्ग, तीच मुलं आणि चौथा हिस्सा पगार, ही व्यवस्था दोन वर्षं चालवता येते. वीस वर्षं चालवणं अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध माणसं उभी राहणारच. आपल्या शिक्षणसेवकाला तीन वर्षांचं टोक दिसत होतं म्हणून तो तगला. केनियाच्या योजनेने मुलांना मिळालेला फायदा मोजला, पण शिक्षक या पगारावर किती दिवस राहील हे हिशेबात धरलं नाही. छोट्या प्रयोगात ते धरावंही लागत नाही, कारण प्रयोग संपतो.

आणि एक वाचन मला त्याहून जास्त खटकतं. या निबंधाचा दाखला देऊन अनेकांनी म्हटलं की सरकारला जमत नाही, संस्थांना द्या, खासगीला द्या. पण वर्ल्ड व्हिजनने सांभाळल्या त्या ६४ शाळा. केनियात सरकारी प्राथमिक शाळा आहेत बावीस हजारांच्या वर. कोणतीही संस्था तेवढ्या शाळांना वेळेवर भेट देईल असं समजायला आधार काय? संस्थेने काय केलं हे पाहिलं तर त्यात गुपित काहीच नाही: पैसे वेळेवर, जागा रिकामी न ठेवणं, कुणीतरी जाऊन बघणं. प्रश्न असा विचारायला हवा होता की एवढंच काम मंत्रालयाने मोठ्या प्रमाणावर करावं यासाठी काय लागेल.

याच काळात पैशांचाही बोभाटा झाला. मोफत शिक्षणाच्या निधीत अफरातफर झाल्याचं २००९ मधल्या तपासण्यांत निघालं. ब्रिटनने सरकारमार्फत जाणारे पैसे थांबवले, जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेनेही ७० लाख डॉलरची मदत रोखली. फटका शाळांना बसला.

वर्गात जाऊन बसणारा अधिकारी

इथेच प्रकरण संपलं असतं तर ते फक्त निराशेचं राहिलं असतं. पण याच सुमारास आणखी एक गोष्ट सुरू झाली. उवेझो नावाच्या उपक्रमात स्वयंसेवक गावोगाव घरी जाऊन मुलांना एक परिच्छेद वाचायला देऊ लागले. किस्वाहिलीत उवेझो म्हणजे क्षमता. ही पद्धत त्यांनी भारतातल्या ‘असर’ या शिक्षण-पाहणीवरून उचलली होती, जी ‘प्रथम’ने २००५ मध्ये सुरू केली. मुंबईच्या वस्त्यांत रुजलेल्या कामातून निघालेली एक साधी वाचनपट्टी नायजेरियापासून टांझानियापर्यंत पोचली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. केनियात उत्तर आलं ते असं: तिसरीतल्या दहा मुलांपैकी साधारण तिघांनाच दुसरीच्या पातळीचं येतं. पट भरला, शाळा भरल्या आणि वाचन नाही, हे आता कुणाला नाकारता येईना.

२०११ ते २०१४ या काळात शिक्षण मंत्रालय आणि यूएसएड ही अमेरिकेची सरकारी मदतसंस्था यांनी आरटीआय इंटरनॅशनल या संस्थेमार्फत एक चाचणी प्रकल्प चालवला. पुढे ब्रिटनही आलं. पहिली-दुसरीचं वाचन आणि गणित. या प्रकल्पाने बुसियातला प्रश्न पुन्हा विचारला, पण एकेक वस्तू सुटी न देता थर चढवत. काही शाळांत फक्त शिक्षकांचं प्रशिक्षण आणि वर्गभेटी. काही शाळांत त्यावर प्रत्येक मुलाला एक पुस्तक, तेही त्याला वाचता येईल असं नव्याने लिहिलेलं. काही शाळांत त्यावर आणखी शिक्षक मार्गदर्शिका: आज कोणता पाठ, कोणते ध्वनी, कोणती अक्षरं, मुलांनी आधी काय म्हणायचं, मग काय वाचायचं. नुसत्या प्रशिक्षणाने थोडंच हाललं. तिन्ही एकत्र आले तिथे सर्वांत जास्त, आणि खर्चाच्या मानानेही ते सर्वांत परवडणारं ठरलं. १९९६ मध्ये निरुपयोगी ठरलेलं पाठ्यपुस्तक इथे कामाला आलं. पुस्तक मुलाच्या पातळीचं होतं, ते त्याच्या हातात होतं, आणि त्याचं काय करायचं हे बाईंना ठाऊक होतं.

किसुमूमध्ये टॅब्लेटचीही चाचणी घेतली. काही शाळांत मुलांना वाचनयंत्रं दिली, काही ठिकाणी शिक्षकांना टॅब्लेट, काही ठिकाणी फक्त भेटी देणाऱ्या अधिकाऱ्यांना. साध्या, यंत्राविना चाललेल्या कार्यक्रमापेक्षा यातलं काहीच फार सरस ठरलं नाही. मग सर्वांत स्वस्त पर्याय निवडला: टॅब्लेट फक्त अधिकाऱ्याला. सगळ्या मुलांच्या हातात यंत्र देण्याचा मोह कोणत्याही मंत्र्याला होतो. मोजून बघितलं म्हणून इथे तो टळला.

२०१५ पासून हे देशभर गेलं, नाव तुसोमे. अर्थ, ‘आपण वाचूया’. किस्वाहिली आणि इंग्रजी, पहिली-दुसरी, नंतर तिसरीही. बावीस हजारांवर सरकारी शाळा आणि नैरोबीसारख्या शहरांच्या झोपडपट्ट्यांतल्या हजारावर कमी फीच्या शाळा.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त वेळ ज्याच्याकडे बघत राहिलो तो अधिकारी म्हणजे आपला केंद्रप्रमुख म्हणा. केनियात त्याला आधी टॅक ट्यूटर म्हणत, २०१५ नंतर करिक्युलम सपोर्ट ऑफिसर, आणि तो टीचर्स सर्व्हिस कमिशनच्या, म्हणजे सरकारच्याच, नोकरीत. असे हजाराच्या आसपास अधिकारी. पद जुनंच होतं. त्याने वर्गांना भेटी द्याव्यात हे कागदावर कधीपासून लिहिलेलं होतं. पण जायला पैसे नव्हते, गेल्यावर काय बघायचं ते ठरलेलं नव्हतं, आणि न गेल्याचं कुणाला कळत नव्हतं. मग तो कार्यालयात बसून तक्ते भरायचा, बैठकांना जायचा. आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांना विचारा, यातलं एकही वाक्य त्यांना परकं वाटणार नाही.

तुसोमेने त्याला तीन गोष्टी दिल्या. प्रवासाचा खर्च, पण नोंदलेल्या भेटींवर; टॅब्लेटमधल्या जीपीएसमुळे शाळेत गेल्याशिवाय भेट नोंदता येत नसे. बघायला काय, याची ठरलेली पद्धत: बाई मार्गदर्शिकेच्या कितव्या पाठावर आहेत, मुलांच्या हातात पुस्तकं आहेत का, मुलं स्वतः वाचतायत की फक्त बाईंच्या मागे म्हणतायत. आणि तिसरी, जी मला सर्वांत हुशारीची वाटते: पाठ संपल्यावर तीन मुलांना बोलावून एक मिनिट वाचायला द्यायचं. टॅब्लेट मिनिटाला किती शब्द ते मोजून दाखवतो. देशाने दुसरीसाठी ठरवलेली अस्खलित वाचनाची पातळी इंग्रजीत मिनिटाला ६५ शब्द, किस्वाहिलीत ४५. किस्वाहिलीतले शब्द लांब असतात, प्रत्यय जोडत जाणारे, म्हणून दोन्हींना एकच आकडा लावला नाही. हा विचार आपल्याकडे मराठी आणि इंग्रजी वाचनाची तुलना करणाऱ्यांनी जरूर घ्यावा.

तीन मुलं वाचून झाली की अधिकारी आणि बाई दहा मिनिटं बोलतात. बोलणं त्या तीन मुलांबद्दल असतं, म्हणून ते चौकशीसारखं होत नाही. एका मुलाला शब्दांतले ध्वनी जोडता येत नसतील तर उद्या काय करायचं, एवढंच. संध्याकाळी आकडे वर जातात आणि जिल्ह्याला, तिथल्या भाषेत काउंटीला, दिसतं की कोणत्या भागात महिनाभर कुणी वर्गात गेलं नाही. प्रशिक्षण देणारेही हेच अधिकारी, पुस्तकांचं वाटप पाहणारेही हेच. बाहेरचा माणूस गावात उतरतच नाही.

पहिल्या दोन वर्षांत दुसरीतल्या इंग्रजी वाचनाची प्राथमिक पातळी गाठणाऱ्या मुलांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशावरून दोन तृतीयांशाच्या जवळ गेलं. किस्वाहिलीतही वाढ जवळपास तेवढीच. आणि हे सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून, सरकारी अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. पाच वर्षांपूर्वी ज्या यंत्रणेच्या नावापुढे शून्य लिहिलं गेलं होतं, तीच ही.

तुसोमेबद्दल माझ्या मनात आक्षेप आहेत. मार्गदर्शिका इतकी तपशिलात असते की चांगल्या शिक्षकाला त्यात घुसमट होऊ शकते. मात्र सत्तर मुलं आणि वाचन शिकवण्याचं कोणतंच शिक्षण नसलेल्या बाईंना ती आधार देते, हेही खरं. भाषेचा आक्षेप जास्त गंभीर आहे. केनियाच्या धोरणात खालच्या वर्गांत परिसराच्या भाषेतून शिकवा असं आहे, पण लुओ, कालेंजिन किंवा लुह्या बोलणाऱ्या घरातलं मूल वाचायला शिकतं ते दोन अशा भाषांत, ज्या त्याच्या घरात बोलल्या जात नाहीत. १९९६ च्या पुस्तकाची चूक अर्धीच दुरुस्त झाली. पुस्तक सोपं झालं; घरच्या भाषेतलं नाही झालं. गोंडी, कोरकू, भिलोरी बोलणाऱ्या मुलांसोबत मेळघाटात, नंदुरबारमध्ये, गडचिरोलीत काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता मदतीचा हिशेब. १ जुलै २०२५ ला यूएसएड स्वतंत्र संस्था म्हणून बंद झाली. ब्रिटननेही परदेशी मदत कमी करायची ठरवली आहे. या प्रकरणात बाहेरच्या पैशाने नेमकं काय विकत घेतलं, ते म्हणून नीट मांडून बघायला हवं. शिक्षकांचे पगार केनियाचे होते. अधिकाऱ्यांचे पगार केनियाचे. पुस्तकं एकत्रित छापून घेतल्याने इतकी स्वस्त पडली की पुढे २०१८ पासून केनिया सरकारने स्वतःच्या पैशाने पाठ्यपुस्तकं थेट शाळांपर्यंत पोचवायला सुरुवात केली. मार्गदर्शिका एकदा लिहून झाल्या की झाल्या. परदेशी पैसा लागला तो चाचण्यांना, लेखन आणि प्रशिक्षणाला, टॅब्लेटना, आणि त्या हजार अधिकाऱ्यांच्या प्रवासाला.

यांतला शेवटचा खर्च रकमेने लहान आहे आणि दर महिन्याला लागतो. कोणत्याही मंत्रालयाच्या अर्थसंकल्पात ‘प्रवास भत्ता’ या ओळीवर कात्री सर्वांत आधी चालते. पूर्वी टॅक ट्यूटरच्या बाबतीत हेच झालं होतं: पद होतं, पगार होता, आणि शाळेपर्यंत जायला पैसे नव्हते.